लाँचर आणि ऑल्ट-टॅब: नव्या सोयींच्या आधी काय दुरुस्त करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका छोट्या गटाने लिनक्स डेस्कटॉपसाठी लाँचर (अ‍ॅप शोधून उघडणारं साधन) आणि टास्क स्विचर (उघड्या विंडोंमध्ये फिरवणारं साधन) तयार केलाय. सुपर की (विंडोजचं चिन्ह असलेली कळ) दाबली की सर्च बॉक्स उघडतो, खाली आयकॉनची पट्टी आहे, ऑल्ट-टॅबने विंडो बदलतात. सगळं चालतं. तरीही लोक काही आठवडे वापरून जुन्या टास्कबारकडे परत जातात आणि कारण विचारलं की 'सवय होत नाही' एवढंच सांगतात. आता तो गट मला विचारतोय, यात काय वाढवावं: कॅल्क्युलेटर, फाइलींचा शोध, विंडोंची मोठी चित्रं, की हवामान?

बरीच वर्षं पॅनेल आणि विंडो मॅनेजरवर काम केल्यानंतर माझं मत असं आहे की सध्या काहीही वाढवू नका. 'सवय होत नाही' ही तक्रार शब्दशः घ्या. लोक सवय लावायचा प्रयत्न करतायत आणि तुमचं साधन ती लागू देत नाहीये. लाँचर दिवसातून शेकडो वेळा वापरला जातो आणि तो वापरताना माणसाचं लक्ष त्याच्याकडे नसतंच. लक्ष असतं पुढच्या कामाकडे. पायाखालची वाट असते तसं हे आहे. वाट रोज थोडी सरकत असेल तर माणूस प्रत्येक पावलाला खाली बघून चालेल आणि दमेल. म्हणून कुठलाही बदल करताना मी एकच प्रश्न विचारतो: तीच कळ दाबली तर उद्याही तेच होईल का?

हे भावनेवर सोडायची गरज नाही, आकड्यांत मांडता येतं. कार्ड, मोरान आणि न्यूएल यांनी १९८० साली कीस्ट्रोक-लेव्हल मॉडेल मांडलं. त्यात प्रत्येक बारीक कृतीला सरासरी वेळ दिलेला आहे: साधारण टायपिंग येणाऱ्याला एक कळ दाबायला ०.२८ सेकंद, माउसने नेम धरायला १.१, क्लिकला ०.२, हात कीबोर्डवरून माउसवर न्यायला ०.४ आणि मनाची तयारी करायला, म्हणजे ठरवायला किंवा पडताळून बघायला, १.३५ सेकंद. आता माउसने मेनू उघडून त्यातून अ‍ॅप सुरू करण्याचा हिशोब करा. ठरवणं, हात नेणं, नेम, क्लिक, यादीत शोधणं, पुन्हा नेम, पुन्हा क्लिक. बेरीज ५.७ सेकंद होते. लाँचरने तेच काम करायचं तर ठरवणं, सुपर की, तीन अक्षरं आणि एंटर, म्हणजे २.७५ सेकंद. पण एंटर दाबण्याआधी 'वर आलंय ते बरोबर आहे ना' हे बघावं लागलं, तर आणखी १.३५ सेकंदांची भर पडते आणि आकडा ४.१ वर जातो. कीबोर्डने वाचवलेल्या जवळपास तीन सेकंदांपैकी निम्म्याच्या आसपास वेळ त्या एका पडताळणीत जातो. पडताळणी करावी लागते कारण यादीवर भरवसा नसतो. तुमच्या लोकांची तक्रार इथे आहे असं मला वाटतं.

आता सर्च बॉक्सकडे येऊ.

पहिली चूक बहुतेक लाँचरमध्ये सापडते, आणि ती बाहेरून दिसत नाही. सुपर की दाबल्यापासून बॉक्स पडद्यावर यायला समजा दीडशे मिलिसेकंद लागले. सवयीचा माणूस तेवढ्यात दोन अक्षरं टाइप करून मोकळा होतो. ती अक्षरं कुठे जातात? मागे उघड्या असलेल्या एडिटरमध्ये, किंवा त्याहून वाईट म्हणजे चॅटच्या खिडकीत. एकदा असं घडलं की माणूस कायमचा थांबून बॉक्स दिसायची वाट बघू लागतो, आणि तिथून पुढे तुमचा लाँचर त्याच्यासाठी मंदच राहतो, मग तुम्ही नंतर कितीही वेग वाढवा. उपाय असा: लाँचरची प्रोसेस कायम मेमरीत ठेवा, सुपर की येताच आधी कीबोर्ड ताब्यात घ्या आणि चित्र मागाहून काढा. टाइप झालेली अक्षरं रांगेत धरा. एंटरसुद्धा रांगेत धरा, निकाल तयार होईपर्यंत. चाचणी सोपी आहे. मशीन नुकतं सुरू झालेलं असताना आणि डिस्कवर दुसरं जड काम चालू असताना, डोळे मिटून सुपर, तीन अक्षरं, एंटर असं पन्नास वेळा करा. पन्नासही वेळा बरोबर अ‍ॅप उघडलं पाहिजे. एकोणपन्नास वेळा उघडलं तर चूक अजून शिल्लक आहे.

दुसरी चूक उशिरा येणाऱ्या निकालांची. अ‍ॅपची यादी मेमरीत असते, ती लगेच येते. फाइलींचा शोध जरा वेळाने येतो, नेटवरचा आणखी उशिरा. माणूस पहिली ओळ बघून एंटरकडे बोट नेतो आणि नेमक्या त्या क्षणी नवा निकाल वर घुसतो. उघडायचा होता टर्मिनल, उघडते कुठलीतरी फाइल. नियम कडक ठेवा: एकदा दिसलेली ओळ नवीन अक्षर टाइप होईपर्यंत आपल्या जागेवरून हलणार नाही. उशिरा आलेलं सगळं खाली जोडलं जाईल. नंतर आलेला निकाल जास्त योग्य असला तरीही. पुढच्या वेळी तो वर आणा, आत्ता नाही.

तिसरी गोष्ट क्रमाची. फायरफॉक्सने २००८ साली तिसऱ्या आवृत्तीत अ‍ॅड्रेस बारसाठी वारंवारता आणि ताजेपणा यांचा मिळून एक गुण काढायला सुरुवात केली, आणि तीच कल्पना लाँचरला उत्तम बसते. किती वेळा उघडलं आणि किती अलीकडे उघडलं, दोन्ही मोजायचं, जुनं हळूहळू विरत जाऊ द्यायचं. मी वजन निम्मं व्हायला तीन आठवडे धरतो. पण नुसता हा गुण वापरला तर एक त्रास होतो: दोन अ‍ॅपचे गुण जवळजवळ सारखे असले की त्यांचा क्रम रोज उलटसुलट होतो. म्हणून त्याच्यावर आणखी एक थर हवा. माणसाने टी आणि ई ही दोन अक्षरं टाइप करून जे निवडलं ते त्या अक्षरांशी बांधून ठेवा. मग त्या दोन अक्षरांना तेच वर येईल. कधीतरी त्याने त्याच अक्षरांवर दुसरं काही निवडलं तर लगेच पाघळू नका. लागोपाठ तीनदा दुसरंच निवडलं तर क्रम बदला. तीन हा आकडा माझ्या अनुभवाचा आहे, तुम्ही दोन ठेवा, चार ठेवा, पण एक मात्र नको. एका अपवादाने मोडणारी सवय सवय होऊच शकत नाही.

जुळणीबद्दल थोडक्यात. नावाची सुरुवात जुळली तर सर्वांत वर, मग नावातल्या कुठल्याही शब्दाची सुरुवात, मग शब्दांची आद्याक्षरं, मग मधली अक्षरं. टायपिंगच्या चुका माफ करणारी जुळणी सगळ्यात शेवटी, आणि वरचं काहीच सापडलं नाही तरच. फ्रेड डॅमराऊ यांनी १९६४ साली दाखवलं होतं की बहुतेक चुका चारच प्रकारच्या असतात: एक अक्षर जास्त, एक कमी, एक चुकीचं, किंवा शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल. तेवढं सांभाळलं की पुरे. अक्षरं कुठेही विखुरलेली चालतील अशी सैल जुळणी पहिल्या फेरीत घातली तर तीन अक्षरांना चाळीस निकाल येतात आणि त्यात अर्थ राहत नाही. डेस्कटॉप फाइलमध्ये, म्हणजे प्रत्येक अ‍ॅपची ओळख सांगणाऱ्या छोट्या फाइलमध्ये, नावाबरोबर सामान्य नाव आणि कीवर्डही दिलेले असतात, ते जरूर वापरा. 'ब्राउझर' टाइप करणाऱ्याला ब्राउझर मिळालाच पाहिजे, त्या अ‍ॅपचं नाव काहीही असो. फक्त कीवर्डची जुळणी नावाच्या जुळणीच्या खाली ठेवा.

आपल्या लिपीत टाइप करणाऱ्यांचा प्रश्न मात्र कुणी फारसा मनावर घेत नाही, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. इन्स्क्रिप्ट (देवनागरी टायपिंगची कळमांडणी) कीबोर्ड चालू आहे हे विसरून एखाद्याने टर्मिनलसाठी टी, ई, आर, एम या कळा दाबल्या, तर बॉक्समध्ये 'ूाीस' असं काहीतरी उमटतं आणि निकाल शून्य येतो. माणसाला परत जाऊन कीबोर्ड बदलून पुन्हा टाइप करावं लागतं. लाँचरला अक्षराबरोबर कुठली कळ दाबली हेही कळत असतं. तेव्हा प्रत्येक शोध दोन्ही वाटांनी करा: उमटलेल्या अक्षरांनी आणि त्याच कळांच्या रोमन अक्षरांनी. खर्च नगण्य आहे. अ‍ॅपचं नाव मराठीत भाषांतरित असेल तर मूळ इंग्रजी नावही अनुक्रमणिकेत राहू द्या, कारण पडद्यावर 'गणकयंत्र' वाचणारा माणूसही बोटांनी 'कॅल्क' असंच टाइप करतो. दुसरी अडचण 'अ‍ॅ' या अक्षराची. ते युनिकोडमध्ये एकसंध अक्षर म्हणूनही लिहितात आणि 'अ'ला चंद्र जोडूनही लिहितात. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाला ती वेगळी वाटतात आणि युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण त्यांना एक करत नाही. ते काम तुम्हालाच करावं लागेल, आणि न दिसणारे जोडचिन्हांचे कोडही काढून टाकावे लागतील. 'फाइल' आणि 'फाईल' एकच धरा. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: युरोपीय भाषांसाठी अक्षरांवरची चिन्हं पुसून शोधण्याची एक तयार युक्ती असते. ती देवनागरीला लावू नका. त्या युक्तीत आपल्या काही मात्रा आणि हलन्तही 'चिन्ह' म्हणून पुसले जातात. 'मेल' आणि 'मूल' दोन्हींचं 'मल' होतं.

आता ऑल्ट-टॅब. माझ्या मते डेस्कटॉपवरच्या सगळ्या कळांमध्ये हिचं वचन सर्वांत जुनं आणि सर्वांत पवित्र आहे: एकदा पटकन दाबून सोडली की आधीची विंडो समोर यायची, परत दाबली की परत. लिहिणं आणि संदर्भ बघणं, कोड आणि त्याचा परिणाम, हिशोब आणि पत्र. बहुतेक काम दोन विंडोंच्या मध्ये असंच पुढेमागे चालतं. हे वचन शंभरात एकदा जरी मोडलं तरी माणूस ऑल्ट-टॅबने पडद्यावर येणारी विंडोंची पट्टी बघून निवडू लागतो आणि वेग गेला.

ते कुठे मोडतं ते सांगतो, कारण मी स्वतः या प्रत्येक ठिकाणी चुकलोय. पहिलं ठिकाण म्हणजे वेळेची शर्यत. माणूस ऑल्ट-टॅब दाबून इतक्या लवकर सोडतो की तुमचा स्विचर कीबोर्ड ताब्यात घेईपर्यंत ऑल्ट सुटलेली असते. सुटल्याची सूचना तुम्हाला मिळतच नाही आणि पट्टी पडद्यावर अडकून राहते. कीबोर्ड ताब्यात घेतल्यावर लगेच ऑल्टची खरी स्थिती विचारा. ती वर असेल तर विंडो तिथल्या तिथे बदला, पट्टी दाखवूच नका. दुसरं, पट्टी काढायची घाई नको. पहिली शंभर ते दीडशे मिलिसेकंद काहीच दाखवू नका. पटकन दाबणाऱ्याला पट्टीची गरज नसते आणि तिची चमक डोळ्याला टोचते. विंडो बदलायला मात्र ही वाट बघायची नाही, ती सोडताक्षणी बदलली पाहिजे. तिसरं, क्रम फक्त कळ सोडल्यावर अद्ययावत करा. मधून जाताना स्पर्श झालेल्या विंडो 'वापरलेल्या' धरल्या तर पुढच्या वेळी सगळा क्रम विस्कटलेला असतो. चौथं, मागे आपोआप उघडलेली विंडो, सूचना, छोटा तरंगता व्हिडिओ यांना यादीच्या डोक्यावर बसू देऊ नका. ज्या विंडोत माणसाने प्रत्यक्ष काम केलं नाही ती 'आधीची' कशी असेल? पाचवं, पट्टी उघडी असताना यादी गोठवा. मधेच एखादी विंडो बंद झाली तर तिची जागा फिकट करा, पण बाकीच्या सरकवू नका. सहावं ठिकाण लक्षात यायला मला फार दिवस लागले: पट्टी पडद्याच्या मध्यभागी येते आणि माउसचा बाण आधीपासून तिथेच पडलेला असतो. बाणाखालची विंडो निवडली जाते, आणि माणसाला कळत नाही की निवड आपोआप का सरकली. माउस खरोखर हलेपर्यंत त्याच्याकडे पूर्ण दुर्लक्ष करा.

अ‍ॅप बदलावं की विंडो, हा वाद जुना आहे. मॅकवर कमांड-टॅब अ‍ॅपच्या पातळीवर चालतं, ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपनेही २०११ साली तिसऱ्या आवृत्तीत तीच वाट धरली आणि एकाच अ‍ॅपच्या विंडोंसाठी टॅबच्या वरची कळ वेगळी ठेवली. विंडोजमध्ये प्रत्येक विंडो स्वतंत्र असते. माझा कौल विंडोच्या बाजूने आहे. माणसाच्या मनात 'रायटर' हे लेखनाचं अ‍ॅप नसतं, 'ते पत्र' असतं. दोन पत्रं एकाच अ‍ॅपमध्ये उघडी असतील तर अ‍ॅपच्या पातळीवरचा स्विचर त्याला दुसरी कळ आठवायला लावतो, म्हणजे वरचं वचन मोडतो. अ‍ॅपच्या पातळीवरचा स्विचर ज्यांना हवाय त्यांच्यासाठी तो वेगळ्या कळीवर ठेवा. वीस-तीस विंडो असतील तर काय, असं विचाराल. चौथ्या-पाचव्या विंडोच्या पुढे कुणी टॅब मारत जात नाही, तिथे शोध किंवा सगळ्या विंडो पसरून दाखवणारं दृश्य लागतं. वर्कस्पेस (कामागणिक वेगळे आभासी पडदे) वापरणाऱ्यांना फक्त चालू वर्कस्पेसच्या विंडो दाखवा, मॉनिटर मात्र सगळे धरा, कारण वर्कस्पेस माणसाने कामं वेगळी ठेवायला केलेला असतो आणि दुसरा मॉनिटर त्याच कामाचा भाग असतो.

पट्टीत काय दाखवायचं? चित्र, आयकॉन आणि शीर्षक तिन्ही. नुसती चित्रं पुरत नाहीत, कारण लेख, पत्र, तक्ता, कोड हे सगळं छोट्या आकारात पांढऱ्या आयतासारखं दिसतं. शीर्षक कापताना काळजी घ्या. शीर्षकाच्या शेवटी बहुधा अ‍ॅपचं नाव असतं, ते आयकॉनने आधीच सांगितलंय, म्हणून ते काढून टाका आणि मिळालेली जागा कागदाच्या नावाला द्या. तेही मावत नसेल तर मधून कापा. 'अहवाल मार्च' आणि 'अहवाल एप्रिल' यांतला फरक शेवटीच असतो.

खालच्या पट्टीबद्दल बोलायला कमी आहे, पण जे आहे ते पाळलंच पाहिजे. पॉल फिट्स यांनी १९५४ साली मांडलेला नियम सांगतो की लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ, तितका नेम लवकर बसतो. पडद्याची कड बाणाला अडवते, म्हणून कडेला टेकलेलं बटण त्या दिशेने जणू अमर्याद मोठं असतं. विंडोज ९५ मध्ये स्टार्ट बटण आणि पडद्याची कड यांच्यात काही पिक्सेलची फट होती. बाण अगदी कोपऱ्यात नेऊन क्लिक केलं तर मेनू उघडायचा नाही. पुढच्या आवृत्त्यांत ते सुधारलं. आज सुंदर दिसावी म्हणून पट्टी कडेपासून वर तरंगती ठेवायची पद्धत आलीय. दिसायला तरंगती ठेवा, पण क्लिक घेणारा भाग कडेपर्यंत पोचू द्या.

पट्टीवरचा क्रम माणसाचा असतो, प्रोग्रामचा नाही. त्याने लावलेले आयकॉन आहेत तिथेच राहतील, नवीन उघडलेले शेवटी येतील, आपोआप कुठलीही मांडणी होणार नाही. सुपर आणि आकडा यांनी अ‍ॅप उघडायची सोय द्या आणि ती जागेशी बांधा. आयकॉनवर क्लिक केल्यावर: विंडो नसेल तर अ‍ॅप सुरू, एकच असेल तर ती समोर, अनेक असतील तर शीर्षकांची यादी. अनेक विंडो एकेक करून आळीपाळीने समोर आणणं मला पटत नाही, त्यात पुढची कोणती हे कधीच सांगता येत नाही. नवीन विंडोसाठी माउसचं मधलं बटण. आयकॉनशेजारी नाव दिसावं की नाही हे वापरणाऱ्यावर सोडा. विंडोज ७ ने २००९ साली नावं काढून मोठे आयकॉन आणले पण नावांचा पर्याय ठेवला, विंडोज ११ ने २०२१ साली तो पर्यायच काढला आणि २०२३ साली परत आणला. एकाच अ‍ॅपच्या आठ विंडो घेऊन दिवसभर बसणाऱ्या माणसाचं नावांशिवाय चालत नाही.

तुमच्याकडे कदाचित आणखी एक दुखणं असेल: पट्टीवर लावलेल्या आयकॉनवर क्लिक केलं की विंडो त्याच्याखाली न येता शेवटी दुसरा, तसाच आयकॉन उभा राहतो. मग माणसाला एका अ‍ॅपसाठी दोन जागा सांभाळाव्या लागतात. कारण बहुधा हे असतं की विंडोने सांगितलेली ओळख आणि डेस्कटॉप फाइलची ओळख जुळत नाही. लिनक्सवर विंडो पडद्यावर आणणाऱ्या दोन व्यवस्था आहेत, जुनी एक्स ११ आणि नवी वेलँड. एक्स ११ वर विंडोचा क्लास तपासा, वेलँडवर अ‍ॅप आयडी. आधी फाइलच्या नावाशी ताडा, मग फाइलमध्ये स्टार्टअप डब्ल्यूएम क्लास दिलेला असेल तर त्याच्याशी, मग लहान-मोठ्या लिपीतला फरक सोडून. तरीही जुळलं नाही तर विंडोच्या प्रोसेसपासून माग काढा. प्रत्येक अ‍ॅपच्या लेखकाने आपली फाइल नीट लिहावी अशी अपेक्षा बरोबर आहे, पण त्रास तुमच्या पट्टीवर दिसतो, म्हणून अपवादांची एक छोटी यादी तुमच्याकडेही ठेवा.

क्लिक केल्यावर काहीतरी घडलंय हे लगेच दिसलं पाहिजे. रॉबर्ट मिलर यांनी १९६८ साली कळ किंवा बटण दाबल्याच्या प्रतिसादासाठी ०.१ सेकंदाची मर्यादा सुचवली होती, ती आजही लागू आहे. अ‍ॅप उघडायला चार सेकंद लागोत, पण आयकॉनमध्ये सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात बदल दिसू द्या. नाहीतर माणूस पुन्हा क्लिक करतो आणि दोन विंडो उघडतात. याची दुसरी बाजूही सांभाळा. चार सेकंदांत माणूस दुसऱ्या विंडोत टाइप करायला लागला असेल, तर नव्या विंडोने त्याच्या हातातून कीबोर्ड ओढून घेऊ नये. विंडोजने ९८ आणि २००० या आवृत्त्यांपासून यावर बंधन घातलं आणि अशा वेळी टास्कबारवरचं बटण लुकलुकवायला सुरुवात केली. वेलँडवर यासाठी एक्सडीजी अ‍ॅक्टिव्हेशनचं टोकन, म्हणजे विंडो समोर आणायची परवानगीची चिठ्ठी, आहे: क्लिक केल्यावर अ‍ॅपला टोकन द्या, आणि ते टोकन परत येईपर्यंत माणसाने दुसरीकडे काही टाइप केलं असेल तर विंडो मागेच उघडून आयकॉनवर खूण करा. पासवर्ड टाइप करताना समोर दुसरीच विंडो येणं ही गैरसोय राहत नाही, तो धोका होतो.

दोन कळा एकत्र धरून ठेवणं सगळ्यांना जमत नाही. हात थरथरणाऱ्या, एका हाताने काम करणाऱ्या माणसांसाठी स्विचर उघडा राहण्याची सोय लागते. विंडोजमध्ये कंट्रोल-ऑल्ट-टॅबने पट्टी उघडी राहते, मग बाणांच्या कळा आणि एंटर. ते तुम्हीही द्या. स्क्रीन रीडरला (पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामला) निवडलेल्या विंडोचं शीर्षक आधी आणि अ‍ॅपचं नाव नंतर सांगा. हालचाली कमी करण्याची व्यवस्था सिस्टीममध्ये चालू असेल तर सगळी अ‍ॅनिमेशन बंद. चालू अ‍ॅपची खूण फक्त रंगाने नको, आकारानेही कळली पाहिजे.

जुन्या टास्कबारकडे परत जाणाऱ्यांना दोष देऊ नका. विंडोज ८ ने २०१२ साली स्टार्ट बटण काढलं आणि पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये ते परत ठेवावं लागलं. लोक त्या कोपऱ्यात सतरा वर्षं जात होते. तुमच्या लाँचरमध्ये पहिल्या दिवशी जुन्या कळा आणि जुन्या जागा चालू ठेवा, आणि त्यांच्या शेजारी तुमचं नवीन द्या.

सुधारणा झाली की नाही हे विचारून कळणार नाही. पाच-सहा जणांच्या शेजारी अर्धा तास गप्प बसा, ते आपलं रोजचं काम करत असताना. किती वेळा एस्केप दाबली, किती वेळा अक्षर खोडलं, किती वेळा एका विंडोत जाऊन सेकंदभरात तिथून परत निघाले ते मोजा. ही शेवटची संख्या सर्वांत बोलकी आहे, कारण ती थेट सांगते की हात चुकीच्या ठिकाणी पोचला. तीच मोजणी प्रोग्रामच्या आतही करता येईल, पण ती त्याच मशीनवर राहू द्या. कुठला माणूस कुठलं अ‍ॅप केव्हा उघडतो ही त्याची खाजगी बाब आहे. इतिहास पुसायचं बटण आणि ठरावीक अ‍ॅप इतिहासातून वगळायची सोय पहिल्या आवृत्तीतच द्या.

हे सगळं एकदम होणार नाही. सुरुवात कीबोर्ड ताब्यात घेण्यापासून करा, मग निकालांची जागा पक्की करा, मग ऑल्ट-टॅबची शर्यत, मग आयकॉनची जुळणी. या चार गोष्टी झाल्यावर एक महिना थांबा आणि परत जाणाऱ्यांपैकी दोघांना बोलावून पुन्हा वापरायला द्या.

त्यानंतर तुमच्या मूळ यादीकडे या. कॅल्क्युलेटर चालेल, पण पहिलं अक्षर आकडा किंवा बरोबरचं चिन्ह असेल तरच, म्हणजे तो अ‍ॅपच्या मध्ये येणार नाही. फाइलींचा शोध द्या, वेगळ्या कळीवर किंवा अ‍ॅपच्या निकालांखाली. मोठी चित्रं सगळ्या विंडो पसरून दाखवणाऱ्या दृश्यात शोभतील, ऑल्ट-टॅबमध्ये नकोत. हवामान लाँचरमध्ये घालू नका. ते नेटवरून उशिरा येतं, रोज बदलतं, आणि अ‍ॅप शोधणाऱ्या माणसाने ते मागितलेलं नसतं.